चढावर ओढणारा पाइप: एका टू-स्ट्रोक एटीव्हीच्या सायलेन्सरचे प्रकरण

रत्नागिरीजवळच्या पावस गावाहून समुद्राकडे उतरताना, जांभ्याच्या सड्याखाली, एक हापूसची बाग आहे. तिथे गेली सहा वर्षे आंब्याचे क्रेट वाहण्याचे काम एक टू-स्ट्रोक एटीव्ही, म्हणजे कच्च्या वाटेवर चालणारी छोटी चारचाकी, करते. गाडी यामाहाची ब्लास्टर आहे. एकच सिलिंडर, हवेवर थंड होणारे १९५ सीसीचे इंजिन, ६६ मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि ५७ मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची चाल). १९८८ ते २००६ या काळात बनलेले हे मॉडेल मुळात मोकळ्या रानात हौसेने पळवण्यासाठी होते, ओझे ओढण्यासाठी नव्हे. बागेचे मालक, ज्यांना आमच्याकडे सगळे अण्णा म्हणतात, यांनी ती एका पर्यटन व्यावसायिकाकडून जुनी विकत घेतली, मागे लहानसा ट्रेलर जोडला, आणि पाखाडीवरून डोक्यावर क्रेट वाहणाऱ्या माणसांचे कष्ट वाचावेत म्हणून बागेतल्या बागेत कच्ची वाट काढून ती वापरायला घेतली. रस्त्यासाठी गाडीची नोंदणी नाही, म्हणून ती गडग्याबाहेर जात नाही. आणि किनाऱ्यावर, जिथे नोव्हेंबर ते मार्च ऑलिव्ह रिडले कासवे अंडी घालायला येतात, तिथे ती न्यायची नाही हे अण्णांनी घरातल्या मुलांना पहिल्या दिवशीच बजावलेले आहे.

मी गाड्या दुरुस्त करतो, म्हणून जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात मला अण्णांचा फोन आला. "सायलेन्सर फुटलाय. गाडी नुसती बोंबलते, चढाव घेत नाही. पाड लागायच्या आत होईल ना रे?"

मी बागेत गेलो तेव्हा गाडी मांगरात, म्हणजे बागेतल्या खोपटात, उभी होती. पाइपच्या, म्हणजे इंजिनापासून सायलेन्सरपर्यंत धूर नेणाऱ्या नळीच्या, फुगलेल्या भागाच्या तळाला, जिथे पत्र्याचा उभा सांधा येतो, तिथे रुपयाएवढे भोक पडले होते. स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने आजूबाजूला टोचून पाहिले तर पत्रा बिस्किटासारखा तुटत गेला. खाऱ्या वाऱ्याने बाहेरून खाल्लेला पाइप हा आमच्या पट्ट्यात नेहमीचा प्रकार आहे. टू-स्ट्रोकचा पाइप आतून तेलाच्या थराने बराचसा वाचतो, पण बाहेरच्या बाजूला मीठ, धूळ आणि पावसाळ्यात चार महिने साचणारी ओल यांचा लेप बसतो, आणि तो सांध्यात मुरतो. बेंड पाइप, म्हणजे सिलिंडरपासून निघणारी वळणाची नळी, आणि तिच्यापुढचा फाकत जाणारा शंकू मात्र अजून धड होते. हा तपशील पुढे महत्त्वाचा ठरला, तेव्हा मी त्याकडे पुरेसे लक्ष दिले नाही.

अण्णांची मर्यादा बारा हजार रुपयांची होती. नामांकित परदेशी कंपनीचा पाइप मागवायचा तर किंमत, वाहतूक आणि आयात शुल्क मिळून तो या मर्यादेच्या फार वर जात होता, शिवाय तो हाती येईपर्यंत आंबा उतरून गेला असता. तो पर्याय पाच मिनिटांत सुटला. उरलेल्या पर्यायांत अण्णांच्या मुलाने एक आधीच निवडून ठेवला होता. त्याने फोनवर चकचकीत क्रोमचा एक नकली बनावटीचा पाइप पाहिला होता, 'परफॉर्मन्स' असे लिहिलेला, सायलेन्सरसकट ८,४०० रुपयांना. मुलाचा उत्साह खरा होता आणि किंमत मर्यादेत होती, म्हणून अण्णांनी होकार दिला. मीही विरोध केला नाही.

पाइप दहा दिवसांत आला. इथे माझी चूक झाली: हातात आल्यावर तो मोजायचा सोडून मी आधी बसवला. बसवतानाच काही गोष्टी खटकल्या. फ्लॅन्ज, म्हणजे जोडाची चपटी कड, सिलिंडरच्या तोंडाशी चौकोनी बसत नव्हता, एका बाजूने दीड मिलिमीटर फट राहत होती, आणि बोल्ट आवळून ती मिटवली की पाइपचे मागचे कान चेसीच्या कानांपासून बोटभर लांब जात होते. जाड गॅस्केट घालून आणि मागच्या कानाला पट्टी जोडून मी ते जमवले. गाडी सुरू केली, आवाज खणखणीत आला, मुलगा खूश झाला. रिकाम्या ट्रेलरने ती सपाटीवर पूर्वीपेक्षा निश्चित जोरात पळाली.

मग आम्ही तिला तिच्या खऱ्या कामाला लावले. विहिरीपासून मांगरापर्यंतची वाट साधारण दीडशे पावलांची आहे आणि शेवटचे चाळीस पाऊल चढ तीव्र आहे. ट्रेलरमध्ये प्रत्येकी वीस किलोचे सहा क्रेट, म्हणजे १२० किलो, त्यावर ट्रेलरचे स्वतःचे वजन. जुन्या पाइपवर ही गाडी दुसऱ्या गिअरमध्ये, फारशी रेस न करता हा चढ ओढून नेत असे. नव्या पाइपवर ती चढाच्या पायथ्याशीच घुसमटली. रेस वाढवून क्लच अर्धा धरावा लागला, क्लच प्लेटचा जळका वास आला, आणि पहिल्या गिअरमध्ये रेस वर नेली तर एका क्षणी सगळी ताकद एकदम येऊन मागची चाके लाल मुरमावर नुसती फिरली. तीन खेपा झाल्यावर मी प्लग काढला. त्याच्या टोकाचा चिनीमातीचा भाग, म्हणजे इन्सुलेटर, पांढराफटक होता, म्हणजे इंधन कमी पडून इंजिन फार तापत होते, आणि उन्हात धरून पाहिल्यावर त्यावर बारीक चकाकणारे कण दिसले. ते कण पिस्टनच्या अल्युमिनियमचे होते. त्या दिवशी काम तिथेच थांबवले आणि सिलिंडर खोलला. पिस्टनच्या एक्झॉस्ट पोर्टकडच्या, म्हणजे धूर बाहेर पडण्याच्या भोकाकडच्या, अंगावर उभे ओरखडे उठायला सुरुवात झाली होती. अजून दहा खेपा झाल्या असत्या तर तो जाम झाला असता.

असे का झाले हे समजण्यासाठी टू-स्ट्रोकचा पाइप काय करतो हे नीट पाहावे लागते, कारण चार-स्ट्रोकच्या गाडीचा अनुभव इथे दिशाभूल करतो. टू-स्ट्रोकला धूर बाहेर सोडण्यासाठी आणि ताजे मिश्रण आत घेण्यासाठी वेगवेगळे झडपयुक्त फेरे नसतात. पिस्टन खाली येताना आधी एक्झॉस्ट पोर्ट उघडतो, मग आत येणारे पोर्ट, आणि काही काळ दोन्ही एकाच वेळी उघडे असतात. त्या काळात ताज्या पेट्रोलमिश्रित हवेचा काही भाग सरळ पाइपमध्ये निसटतो. पाइपचा आकार या निसटण्यावरचा उपाय आहे. पोर्ट उघडताच दाबाची एक लाट पाइपमधून धावत सुटते. फाकत जाणाऱ्या शंकूतून जाताना ती मागे एक ओढ पाठवते, आणि ती ओढ सिलिंडर रिकामा करायला मदत करते. पुढे मिटत जाणाऱ्या शंकूवर आपटून तीच लाट दाबाच्या रूपाने परत येते आणि, नेमकी वेळ साधली तर, पाइपमध्ये निसटलेले मिश्रण पोर्ट बंद होण्यापूर्वी सिलिंडरमध्ये परत ढकलते. १९५० च्या दशकात पूर्व जर्मनीतील एमझेड या मोटरसायकल कारखान्यात वॉल्टर काडेन या अभियंत्याने रेसच्या गाड्यांवर हे तंत्र परिपक्व केले, आणि त्यानंतर टू-स्ट्रोकचा पाइप हा धुराडे न राहता इंजिनाचाच एक भाग झाला.

'नेमकी वेळ' या दोन शब्दांत सगळा प्रश्न आहे. लाटेचा वेग ठरलेला असतो. त्या गरम वायूत तो साधारण ५१८ मीटर प्रतिसेकंद धरून हिशेब करण्याची जुनी रीत आहे. इंजिनाची गती मात्र बदलत असते. मिनिटाला ७,००० फेऱ्यांना एक फेरी सुमारे ८.६ मिलिसेकंदांत पुरी होते, आणि एक्झॉस्ट पोर्ट १८० अंश उघडा राहत असेल तर लाटेला जाऊन परत यायला ४.३ मिलिसेकंद मिळतात. त्या वेळात ती जेवढे अंतर कापते त्याचे निम्मे, म्हणजे सुमारे १.११ मीटर, ही त्या गतीसाठीची पाइपची लांबी झाली; ती पिस्टनच्या बाजूपासून मिटत जाणाऱ्या शंकूच्या साधारण मध्यापर्यंत, नळीच्या मध्यरेषेवरून मोजायची. पाइप लांब असला की लाट उशिरा परतते आणि पाइप कमी गतीला उपयोगी पडतो, आखूड असला की जास्त गतीला. म्हणून पाइपचे वर्णन करताना 'चांगला' किंवा 'वाईट' हे शब्द अपुरे असतात. तो कोणत्या गतीला चांगला आहे हे सांगावे लागते.

दुसऱ्या दिवशी मी क्रँकवर, म्हणजे पिस्टन ज्याला फिरवतो त्या दांड्यावर, अंशांची चकती लावून पोर्ट उघडण्याचा काळ मोजला. तो जवळजवळ १८० अंश आला. मग दोन्ही पाइप मांगराच्या शेणाने सारवलेल्या जमिनीवर शेजारी ठेवले आणि दोऱ्याने मध्यरेषा मोजली. जुना पाइप १.१३ मीटर भरला, म्हणजे त्याचा जोर ६,९०० फेऱ्यांच्या आसपास. नवा ०.९४ मीटर, म्हणजे ८,२५० च्या आसपास. सहा क्रेट घेऊन चढ चढताना दुसऱ्या गिअरमध्ये इंजिन साडेपाच ते साडेसहा हजारांपर्यंतच पोहोचते. नवा पाइप जिथे मदत करतो तिथे गाडी कधी जाणारच नव्हती, आणि खालच्या गतीला परतणारी लाट फार लवकर येऊन सिलिंडर रिकामा होण्यात अडथळा करत होती. ही घुसमट गाडीची नव्हती, निवडीची होती.

प्लग पांढरा होण्याची कारणे एकाहून अधिक होती, आणि ती वेगळी काढणे गरजेचे होते. पहिले म्हणजे आता पंपावर मिळणारे पेट्रोल. त्यात २० टक्के इथेनॉल असते, आणि इथेनॉल जळायला पेट्रोलपेक्षा हवा कमी लागते. एक किलो शुद्ध पेट्रोलला साधारण १४.७ किलो हवा लागत असेल तर या मिश्रणाला साडेतेरा किलोच्या आसपास पुरते. याचा अर्थ, जुन्या कार्बोरेटरचा जेट (पेट्रोल मोजून सोडणारे बारीक छिद्र) तोच ठेवला तर इंजिनाला इंधन आपोआप आठ-नऊ टक्के कमी पडते. या गाडीला मूळचा २३० क्रमांकाचा मुख्य जेट होता. दुसरे, मोकळा पाइप हवा जास्त खेचतो. तिसरे, जानेवारीतली सकाळची थंड, कोरडी हवा दाट असते, त्यामुळे मे महिन्यात दमट उकाड्यात बरोबर वाटणारा जेट जानेवारीत कमी पडतो. चौथे कारण मला स्वतःला शिकवून गेले. गाडीचा ऑइल पंप पूर्वीच्या मालकाने काढून टाकलेला आहे, तेल पेट्रोलमध्ये मिसळून द्यावे लागते, आणि नवा पाइप आल्यावर 'जपून' म्हणून मुलाने टू-टी ऑइल वाढवले होते. तेल वाढले की जेटमधून जाणाऱ्या प्रत्येक थेंबात पेट्रोल कमी होते, म्हणजे मिश्रण आणखी विरळ होते. त्याची काळजी खरी होती, परिणाम मात्र उलटा झाला. आम्ही परत लिटरला ३० मिलिलिटरवर आलो.

पाचवे कारण पाइपच्या शेपटीत लपले होते. फुगलेल्या भागानंतर जी बारीक नळी धूर सायलेन्सरकडे नेते, तिचा आतला व्यास बेंड पाइपच्या व्यासाच्या साधारण ०.५८ ते ०.६२ पट ठेवतात. इथे बेंड पाइप आतून ३८ मिलिमीटर होता, म्हणजे शेपटी २२ ते साडेतेवीस हवी. बाहेरून ती योग्य दिसत होती. पण मी २० मिलिमीटरची ड्रिल बिटची दांडी आत सरकवली तर ती सांध्यापाशी अडली. टॉर्च लावून पाहिले तेव्हा वेल्डिंगची ओघळलेली कड आतल्या बाजूला कंगव्यासारखी उभी होती, आणि मोकळी वाट १९ मिलिमीटरही उरली नव्हती. शेपटी अरुंद झाली की पाइपमध्ये दाब आणि उष्णता कोंडते, आणि ती उष्णता पिस्टनच्या डोक्यावर जाते. क्रोम निळसर पडले होते ते याच कारणाने. मुलाला तो रंग शोभेचा वाटला होता.

इथवर आल्यावर तो पाइप परत करायचा की सुधारायचा, असा प्रश्न होता. परत घेण्याची मुदत उलटली होती. मी बेंड पाइप कापून मध्ये १५ सेंटिमीटरचा तुकडा जोडून पाहिला, लांबी १.०९ मीटर झाली, हिशेबाने जोर ७,१०० वर उतरला. चढावर फरक पडला, गाडी पायथ्याशी घुसमटायची थांबली. पण ताकद अजून एकदम यायची आणि एकदम जायची. याला शंकूंचा उतार कारणीभूत होता. त्या पाइपचे दोन्ही शंकू आखूड आणि तीव्र उताराचे होते. असे शंकू लाट जोरकस परत पाठवतात, पण फार थोड्या वेळासाठी, आणि बेंड लांबवून तो पट्टा खाली सरकवता येतो, रुंद करता येत नाही. ओझ्याच्या कामाला पट्टा रुंद लागतो, कारण चढावर गती सारखी कमी-जास्त होते.

दरम्यान शेजारच्या वाडीतल्या एकाने यामाहाच्या आरएक्स १०० मोटरसायकलचा सायलेन्सर जोडण्याचा सल्ला दिला, आणि तो आमच्याकडे इतक्यांदा दिला जातो की त्याबद्दल स्पष्ट लिहिणे भाग आहे. आरएक्सचे इंजिन ९८ सीसीचे. तिच्या पाइपचे पोट आणि शेपटी निम्म्या आकाराच्या इंजिनासाठी मोजलेली असतात. १९५ सीसीच्या इंजिनाला तो लावला तर वेल्डिंगच्या कडेने शेपटी अरुंद झाल्यावर जे झाले तेच, जास्त प्रमाणात होईल. आरएक्सवर माझे प्रेम आहे, तिच्यावरच मी हे काम शिकलो, पण तिचा पाइप तिच्याच गाडीला शोभतो.

मग मी जुन्या पाइपकडे परत वळलो, जो मी पहिल्याच दिवशी भंगारात काढल्यासारखा बाजूला टाकला होता. त्याचा बेंड आणि पहिला शंकू शाबूत होते. कुजले होते ते मधले पोट, मिटत जाणारा शंकू आणि शेपटी. म्हणजे जे बदलायचे ते सगळे सरळ, गोल भाग होते, आणि ज्याला वाकवायला यंत्र लागते तो वळणाचा भाग आयता तयार होता. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराजवळ एक फॅब्रिकेटर मच्छीमारी बोटींच्या डिझेल इंजिनांचे एक्झॉस्ट बेंड बनवतात. खारे पाणी लोखंडाचे काय करते हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसेल. मी त्यांच्याकडे जुना पाइप, दोऱ्याची मापे आणि व्यासांचा कागद घेऊन गेलो.

स्टेनलेस वापरावे का, हा माझा पहिला प्रश्न होता. त्यांनी दुकानातला एक तुकडा दाखवला, ज्याला विकणाऱ्याने ३०४ म्हटले होते आणि ज्यावर दोन पावसाळ्यांत तांबूस ठिपके उठले होते. बाजारात २०२ प्रतीचे स्टेनलेस सर्रास ३०४ म्हणून खपते, आणि लोक चुंबक लावून खात्री करून घेतात. चुंबकाने हा फरक कळत नाही, कारण दोन्ही प्रती चुंबकाला चिकटत नाहीत. २०२ मध्ये निकेल कमी आणि मँगनीज जास्त असते, आणि खाऱ्या हवेत ते लवकर ठिपकते. मँगनीज ओळखणारे थेंब टाकून परीक्षा करता येते. समुद्राकाठी ३१६ प्रत खरी टिकते, पण तिची किंमत या कामाला परवडत नव्हती. आम्ही साधा सीआर (कोल्ड रोल्ड) लोखंडी पत्रा घेतला, १.२ मिलिमीटर जाडीचा. नकली पाइपचा पत्रा मी कापलेल्या तुकड्यावर मोजला होता, तो ०.८ भरला. जाड पत्रा वजन थोडे वाढवतो, आवाजाचा पत्रेरी झंकार कमी करतो आणि गंजायला जास्त वेळ घेतो. ओझे वाहणाऱ्या गाडीत अर्धा किलो वजनाला किंमत नाही.

त्यांनी शंकूचा उलगडलेला आकार आधी जुन्या कॅलेंडरच्या जाड कागदावर काढला, कापला, गुंडाळून पाइपच्या तोंडाशी लावून पाहिला, पुन्हा दोन मिलिमीटर कमी केला, आणि मग तो फर्मा पत्र्यावर ठेवून खुणा केल्या. रोलरवर एका दमात न वाकवता त्यांनी थोडे थोडे वळवत दोन्ही कडा भेटवल्या. सांधे अर्गन वायूच्या वेल्डिंगवर, पत्र्याचीच कड वितळवून, जास्तीची सळई जवळजवळ न घालता जोडले, आणि प्रत्येक सांधा झाल्यावर बोट आत घालून कड लागते का ते पाहिले. उभा सांधा त्यांनी मुद्दाम वरच्या बाजूला घेतला. मी कारण विचारले तेव्हा ते म्हणाले, "पाणी सांध्यावर थांबता नये, भाऊ. बोटीत पण आम्ही असाच घेतो." मूळ पाइपचा सांधा तळाला होता आणि तिथेच तो फुटला होता.

शेपटीला २३ मिलिमीटरची नळी लावली. तिच्यापुढे नकली पाइपबरोबर आलेला सायलेन्सर जोडला, कारण तो भाग खरोखर बरा होता: अल्युमिनियमचा डबा, मागचे झाकण रिव्हेटवर, आतले काचतंतूंचे पॅकिंग बदलता येण्याजोगे. मूळ सायलेन्सर उघडता न येणारा होता आणि कार्बनने भरला होता. एक सावधगिरी इथे नोंदवतो: गॅरेजमध्ये कार्बन काढायला कॉस्टिक सोड्याचे पाणी वापरण्याची पद्धत आहे, ती लोखंडी पाइपला चालते, अल्युमिनियमच्या डब्याला खाऊन टाकते.

त्या सायलेन्सरमध्ये एक मोठी उणीव होती, आणि अण्णांच्या दृष्टीने ती सगळ्यांत गंभीर होती. त्यात ठिणगी अडवणारी जाळी नव्हती. डिसेंबरनंतर आमच्या बागांतले गवत वाळून काडी होते, आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये एका ठिणगीने पेटलेला वणवा मोहोर आलेली कलमे तासाभरात होरपळून टाकतो. टू-स्ट्रोकच्या पाइपमधला तेलकट कार्बन सुटून तापलेल्या कणांच्या रूपाने बाहेर पडतो. अमेरिकेत जंगलात चालणाऱ्या अशा गाड्यांना ठिणगीरोधक सक्तीचा आहे, आणि जाळीच्या प्रकारात भोक जास्तीत जास्त ०.५८ मिलिमीटरचे चालते. आम्ही त्याहून बारीक विणीची स्टेनलेस जाळी टोपीसारखी वळवून मागच्या झाकणाच्या आत बसवली. जाळी कार्बनने बुजते आणि मग गाडी मंदावते, म्हणून दर रविवारी झाकण काढून तारेच्या ब्रशने ती साफ करण्याचे काम मुलाने स्वतःकडे घेतले. माझ्या मते बागेत चालणाऱ्या कोणत्याही टू-स्ट्रोक गाडीला ही जाळी नसेल तर पाइप कितीही स्वस्त असो, तो घेऊ नये. इथे मला दुसरे मत मान्य नाही.

जेट ठरवण्याचे काम आम्ही फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात, पहाटे साडेसहाला, हवा सर्वांत थंड असताना केले. २६० च्या जेटने सुरुवात केली, कारण जास्त इंधनाची चूक इंजिन सोसते, कमी इंधनाची सोसत नाही. पूर्ण ओझ्याने चढावर थ्रॉटल पुरा उघडा ठेवायचा, वर पोहोचताच इंजिन बंद करून क्लच दाबायचा, आणि गार होऊ न देता प्लग काढायचा. २६० ला तो काळा आणि ओला आला, गाडी चार-स्ट्रोकसारखी, एक फेरी सोडून पेटत, अडखळत होती. २५० ला चॉकलेटी. २४० ला फिकट. आम्ही २५० कायम केला. मे महिन्यात तो किंचित जड वाटेल आणि थोडा धूर जास्त येईल, हे अण्णांना तेव्हाच सांगून ठेवले.

सहा क्रेट घेऊन गाडी दुसऱ्या गिअरमध्ये चढली. सपाटीवर ती नकली पाइपइतकी पळत नाही, आणि मुलाला त्याची हळहळ वाटली हेही खरे. पण चढाच्या मध्यावर तिला थांबवून, पुन्हा क्लच न जाळता, तिथूनच उचलता येते. आवाज मूळ सायलेन्सरहून मोठा आणि नकली जोडणीहून लहान आहे. वाडीतली शाळा हाकेच्या अंतरावर असल्याने हा मुद्दा आम्ही दुर्लक्षिला नाही, आणि शाळेच्या वेळात वरच्या वाटेच्या खेपा करायच्या नाहीत असे ठरले.

खर्च असा झाला: नकली पाइप ८,४०० रुपये, फॅब्रिकेटरची मजुरी आणि पत्रा ५,२००, जेट, गॅस्केट, जाळी आणि उष्णतारोधक रंग मिळून १,३००. एकूण १४,९०० रुपये, म्हणजे मर्यादेहून २,९०० जास्त. पहिल्या दिवशी मी जुन्या पाइपचा शाबूत भाग ओळखला असता आणि नुसता सायलेन्सर वेगळा घेतला असता, तर हे काम मर्यादेच्या आत झाले असते. तो फरक मी अण्णांकडून घेतला नाही.

आता कोणी स्वस्तातला पाइप घेण्याबद्दल विचारले की मी गाडीचे काम आधी विचारतो, आणि मग विक्रेत्याला विचारायला सांगतो: बेंडच्या तोंडापासून मिटत्या शंकूच्या मध्यापर्यंत मध्यरेषेवर लांबी किती, शेपटीचा आतला व्यास किती, पत्रा किती जाडीचा, सायलेन्सर उघडतो का. बहुतेक विक्रेते यांतले पहिलेच उत्तर देऊ शकत नाहीत. अशा वेळी पाइपचा एका बाजूने, शेजारी फूटपट्टी ठेवून काढलेला फोटो मागवावा. तेवढ्यावरून लांबीचा आणि शंकूंच्या उताराचा अंदाज येतो. पळवण्यासाठी गाडी असेल तर आखूड पाइप घ्यायला हरकत नाही, पण त्याबरोबर दोन-तीन जेटचे पैसे धरूनच किंमत मोजावी. आणि जुना पाइप, कितीही कुजलेला दिसला तरी, नवा बसून एक हंगाम जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नये.

हंगाम मेच्या अखेरीस संपला. आगोटीच्या कामांत अण्णांनी गाडीही धरली. मुलाने पाइप काढून गोड्या पाण्याने धुतला, उन्हात दोन दिवस वाळवला, रंग उडालेल्या जागा घासून पुन्हा रंगवल्या, आणि बाहेरून तेलाचे फडके फिरवले. टाकी रिकामी केली, कारण इथेनॉलचे पेट्रोल पावसाळी हवेतली ओल ओढून घेते आणि टाकीच्या तळाला पाणी वेगळे होते. शेवटी पाइपच्या दोन्ही तोंडांत तेलात भिजवलेल्या चिंध्यांचे बोळे घट्ट बसवले, आणि ऑक्टोबरमध्ये गाडी सुरू करताना ते विसरू नयेत म्हणून त्यांची लाल टोके हाताएवढी बाहेर लोंबती ठेवली.